शेंदराची वाटणी

कौतिकाबाईने करडईच्या तेलात शेंदूर कालवला आणि ओढ्याकाठच्या म्हसोबाला बोटाने लावला.

"आता हात बाजूला घ्या," डॉ. ईशानी ताटके म्हणाल्या. त्यांच्या थरवाचकाचा निळा किरण दगडावरून फिरला आणि पडद्यावर शेंदराची पुटं कांद्याच्या पापुद्र्यांसारखी सुटी दिसू लागली. कुठलं पूट कुठल्या तेलातलं, हे यंत्र रेणूंवरून ओळखे. हवं तर तेवढंच पूट अलगद सोलूनही काढे.

म्हसोबा कोणाचा, यावरून गेल्या जत्रेत दोन गावांनी एकमेकांची डोकी फोडली होती. एक जण जिवानिशी गेला. तेव्हापासून ओढ्यावरचा पूल बंद होता, आणि वाद मिटवायला नेमलेल्या शांतता समितीने ईशानीताईंना यंत्रासकट बोलावलं होतं. कौतिकाबाईचं सासर अलीकडे कवठाळीत, माहेर पलीकडे जवळपाटीत. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. पूल उघडेल या एकाच आशेवर कौतिकाबाई यंत्राला हात जोडत होती.

ईशानीताईंनी ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमलेल्या दोन्ही गावांना पडदा दाखवला. कवठाळीची करडई, जवळपाटीचा जवस, पुन्हा करडई, पुन्हा जवस, थेट तळापर्यंत.

"पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही दोघांनी मिळून पुजलाय. देव दोघांचा आहे."

आता लोक गळ्यात गळे घालतील असं त्यांना वाटलं. शिकलेल्या माणसांना असं फार लवकर वाटतं.

"आमची पुटं जाड दिसत्यात," कवठाळीचे सरपंच बब्रुवान म्हणाले.

"तळाचं आमचं हाय," जवळपाटीकरांतून आवाज आला.

शेवटी बब्रुवानांनीच तोडगा काढला. "मॅडम, मशीन सोलतंय म्हणता ना? मग ज्याचं त्याला काढून द्या. भांडणच मिटलं."

शांतता समितीने लगेच मान डोलावली. नाही म्हटलं तर पुन्हा डोकी फुटतील, अशी स्वतःची समजूत घालून ईशानीताईंनी यंत्र चालवलं.

दोन पराती भरल्या. ढोल वाजवत दोन्ही गावांनी आपापली परात नेली आणि आपापल्या हद्दीत देऊळ बांधायला घेतलं. उघडा पडलेला दगड कोणालाच नको होता. आता ओढा ओलांडायचं कोणाला कारणच उरलं नाही, म्हणून समितीने पूल पाडायचं ठरवलं.

ईशानीताई सामान आवरत होत्या, तेव्हा कौतिकाबाई दगडापाशीच बसलेली होती.

"ताई, लगीन व्हायच्या आदी मी जवसाच्या तेलात शेंदूर लावायची, मागनं करडईच्या. बोटं हीच." तिने हात पुढे केला. "तुमच्या मशीनला इचारा की, मला कोणच्या परातीत घातलंय?"