चरबीचे निरोप

त्याने माझ्या कमरेभोवती टेप धरली, आकडा वाचला आणि मी म्हणाले, "चुकलंय."

मधुमेहाच्या एका अभ्यासासाठी प्रयोगशाळेला माणसं हवी होती. घरात कुणाला साखर असलेली, पण स्वतःला नसलेली. माझ्या आईला आहे. त्यातून मी अंगाने चांगली भरलेली, त्यामुळे आत्याने माझं भविष्य कधीच वर्तवून ठेवलेलं. ही आईच्याच वाटेने जाणार, मग हिच्याशी लग्न कोण करील? एकदा काय तो सोक्षमोक्ष लागू दे म्हणून मी नाव दिलं होतं.

"शहाण्णव," माप घेणारा तंत्रज्ञ पुन्हा म्हणाला. काडीपहिलवान होता नुसता, पण हसला की डोळे आधी हसायचे.

"अठ्ठ्याण्णव. मी कपडे शिवते, स्वतःची कंबर मला पाठ आहे."

"लोक सहसा… उलटं भांडतात."

मी पिशवीतून माझी टेप काढून त्याच्या टेपशेजारी पसरली. त्याची कापडी टेप वापरून वापरून सैल पडली होती, मीटरमागे चांगली दोन सेंटिमीटर. आमच्याकडे अशी टेप कुणी हातात धरणार नाही, पण ह्या विद्वानांना ते कोण सांगणार? एकशे साठ माणसांच्या कमरा कागदावर बारीक झाल्या होत्या. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग सगळ्यांना परत बोलावलं आणि बायकांची मापं घ्यायला मी बसू लागले. तीन आठवडे, रोज दुपारी, दुकान बंद ठेवून. एवढा परोपकार माझ्या अंगात कधीपासून आला, असं आत्याने विचारलंच.

अभ्यासासाठी डॉक्टरांनी माझ्या पोटाची कातडी बधिर करून सुईने चरबीचा इवलासा तुकडा घेतला होता. एका दुपारी तो म्हणाला, "बघायचीय? तुमचीच आहे."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नितळ, गोल थेंब एकमेकांना बिलगून बसलेले, प्रत्येकाला केसाहून बारीक काठ… जिला मी आयुष्यभर ओढणीखाली लपवत आले, ती ही?

"ही नुसती पडून नसते," तो माझ्या कानाशी हळूच सांगत होता. "रक्तातून निरोप पाठवते. लेप्टिन मेंदूला सांगतं, पोट भरलं, आता पुरे. अॅडिपोनेक्टिन यकृताला आणि स्नायूंना सांगतं, इन्शुलिनचं ऐका. हा दुसरा निरोप कमी पडला, की मधुमेहाची शक्यता वाढते."

"म्हणजे माझी चरबी बोलते?"

"तुमच्याइतकीच बोलत असेल," तो म्हणाला. मी डोळा काढला नाही. आपल्या आत एवढं काही चाललेलं असतं आणि आपण त्याला नावं ठेवत बसतो, ह्याचं मला रडू येत होतं. तो घाई न करता शेजारी उभा राहिला. त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, आडपडदा कशाला ठेवू?

त्यानंतर त्याच्या शर्टांची बटणं फारच तुटू लागली. दुकानात तो तासतासभर थांबायचा.

मग निकाल आले. माझं अॅडिपोनेक्टिन छान होतं, साखरही ठीक. वजन जरा उतरवा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. मी दोन दिवस हवेत होते. तो मात्र फिरकलाच नाही. आठ दिवस वाट पाहून मीच प्रयोगशाळेत गेले.

तो नळ्या मांडत होता. वर न बघता म्हणाला, "तुलनेसाठी मी माझंही रक्त दिलं होतं. तो दुसरा निरोप माझ्यात फार कमी आहे. साखर उंबरठ्यावर आहे. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं, आणि आईचं अर्धं आयुष्य त्यांच्या उशाशी गेलं. तुम्ही आता कुठे मोकळ्या झालात… तुम्हाला त्यात ओढायचं नाही मला."

हा वाळका बांबू, आणि धोका ह्याला. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"उंबरठ्यावरून मागे फिरता येतं ना?"

"पुष्कळदा येतं. दर वेळी नाही."

"बावीस वर्षं बाबा रोज सकाळी आईला इन्शुलिन टोचतात," मी म्हणाले. "आणि रोज विचारतात, दुखलं का? ती रोज म्हणते, नाही. मला वाटायचं, आपल्यालाही असं विचारणारं कुणी मिळेल का… विचारणारी मी असेन, हे कधी मनातच आलं नाही."

त्याने हातातली नळी खाली ठेवली. मग मान वर केली.

"तुला चालेल?" त्याने विचारलं. अहो-जाहो गळून पडल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"चालेल," मी म्हणाले, आणि त्याचा हात घट्ट धरला.