शेवटचा तुकडा

हेमलता गजभिये मॅडमनी फळ्यावर एक फ्रेंच क्रियापद लिहिलं: ‘पार्लों’, म्हणजे ‘आम्ही बोलतो’. मग त्याला दोन रेघा मारल्या. पांढरी रेघ अर्थाची. ‘पार्ल्’ हा बोलण्याचा धातू आणि पुढचा ‘ओं’ म्हणजे आम्ही. पिवळी रेघ तोंडाची. ‘पार्’ आणि ‘लों’, एकेका दमात निघणारी दोन अक्षरं. अर्थ एकीकडे तुटतो, जीभ शब्द तोडते दुसरीकडेच.

“शेवटचा तुकडा ऐका. कोण बोलतंय ते त्यातच असतं.”

मॅडमचा आवाज खणखणीत आला, पण ओठ मागून हलले. बोलली होती ती गळ्यावरची पूरकपट्टी. जिभेकडे निघालेला मेंदूचा संदेश ती वाटेतच वाचते, माणसाच्या जुन्या बोलण्यावरून उरलेलं वाक्य ताडते आणि त्याच्याच आवाजात बोलून मोकळी होते. गेल्या वर्षी अर्धांगवायूने मॅडमची वाचा गेली, तेव्हा या पट्टीनेच त्यांना वर्गात परत आणलं. ते उपकार कोण नाकारतंय? पण त्यानंतर घरी टेबलावर तळहात आपटत, एकेक अक्षर घोटत त्यांनी स्वतःची जीभही परत मिळवत आणली होती. नागपूरच्या त्या भाषासंस्थेत मात्र त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. पट्टीने वेळ वाचतो ना! संचालक खानझोडे सर तर धडधाकट असून पट्टी लावत. भाषणात अडखळायला होत नाही म्हणे.

पट्टीशिवाय शिकवू का, असं मॅडमनी सकाळीच त्यांना विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायला सर आता वर्गाच्या दारात उभे होते.

“मॅडम, पट्टी काढलीत तर सोमवारपासून हा वर्ग दुसऱ्याला द्यावा लागेल. ठेवताय ना?”

मॅडमच्या मनात ‘नाही’ होतं. जीभ दातांकडे जाते न जाते तोच पट्टी बोलली, “हो सर. तुम्ही म्हणाल तसं.”

सर समाधानाने हसले. इतकी वर्षं मॅडम सरांना ‘हो’च म्हणत आल्या होत्या, पट्टीने तेच उचललं होतं. ती जुनी, मान डोलावणारी हेमलता आता जन्मभर आपल्या तोंडून बोलणार? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पट्टी ओरबाडून टेबलावर टाकली.

“ना...” पुढे जीभ हलेना.

“बघा, अडलंच,” सर म्हणाले. “कशाला हट्ट करता?”

“थांबा न सर!” पहिल्या बाकावरची अल्फिया उसळली. “बोलून राहिल्या ना त्या!”

तिने बाकावर तळहात आपटला, मॅडम अक्षरं तोडून शिकवताना फळ्याशी आपटत तसा. सगळ्या वर्गाने आपटला, आणि सगळे थांबले. कुणी शब्द पुरवला नाही.

“ना. ही.” मॅडमच्या कपाळावरची शीर फुगली होती. “सो. म. वा. री. मी. च. ये. णार.”

पोरांनी बाकं दणाणून सोडली.

“संस्थेचे नियम सर्वांना सारखे आहेत.” सरांचा आवाज आधी आला, ओठ मागून हलले. वर्गाने ते पाहिलं. सरांचा हात नकळत गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

मॅडमनी फळ्यावरच्या शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि घाई न करता विचारलं, “सर, हे... को. ण. बो. ल. लं?”