सहाव्या मजल्यावरचा दिवा

रेवाने दार उघडलं, आईला पाहून थबकली, आणि आईच्या पाठीमागे बॅग धरून उभ्या असलेल्या बाबांना पाहून तर पार दगडच झाली! चार वर्षांनी... आणि तेही असे, न कळवता, चंदीगडलगतच्या झिरकपूरमध्ये, या सहाव्या मजल्यावर!

वंदनाताईंची धास्ती मात्र वेगळीच होती, कारण लेक इथे राहते हे श्रीरामरावांना या क्षणी, या दारात कळत होतं. महिनाभर मागे लागून चंदीगडची ही सहल त्यांनीच ठरवली होती. भाची जाईकडून पत्ता मिळवला होता, पण नवऱ्याला त्यातलं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. सुखना तलावावर बोट झाली, रॉक गार्डनमधल्या फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या पाहून श्रीरामराव चक्क लहान पोरासारखे हसले, दर वेळी वंदनाताई ठरवायच्या की आता सांगायचंच... पण जीभ रेटेना. आणि मग सीमेवर भडका उडाला. विमानतळ बंद, परतीचं विमान रद्द, हॉटेलातली खोली दुसऱ्यांना दिलेली. गाड्यांच्या रांगेत अडकलेला टॅक्सीवाला म्हणाला, माताजी, कोई रिश्तेदार है तो बोलो जी. तेव्हा कुठे त्यांनी तो पत्ता सांगितला, पण कुणाचा ते नाहीच!

श्रीरामरावांचा धाकटा भाऊ विश्राम सीमेवरून तिरंग्यात गुंडाळून घरी आला होता. म्हणूनच लेकीने हवाई दलातल्या विक्रमशी लग्न ठरवलं तेव्हा ते म्हणाले होते, माझ्या दारात पुन्हा वर्दी नको. लग्नाला ते गेले नाहीत... आणि वंदनाताईही गेल्या नाहीत. रेवाच्या काळजातला घाव होता तो हाच.

घरात ती एकटीच होती. विक्रमला सकाळीच तळावर बोलावलं होतं, त्यानंतर फोन नाही. श्रीरामराव सोफ्याच्या कडेला परक्या पाहुण्यासारखे बसले. रेवाने पाणी ठेवलं, आईला स्वयंपाकघरात नेलं आणि एकदम म्हणाली,

"बाबांचं समजू शकते गं. पण तू? कन्यादानाला मावशी बसली माझ्या. लोक विचारत होते, आई नाहीये का हिला?"

वंदनाताई ओट्यावरची भांडी सारखी करू लागल्या. खरं सांगायचं तर नवऱ्याकडे बोट दाखवावं लागलं असतं, आणि ते त्यांनी चार वर्षांत कुणापाशीच केलं नव्हतं.

बाहेर तिन्हीसांज होत होती. दिवा लावायचं हाताला वळणच ते! खिडकीपाशी रेवाचे इवलेसे देव होते. वंदनाताईंनी निरांजन उजळलं, विक्रमचं नाव घेऊन हात जोडले, डोळे मिटले...

आणि सायरन झाला.

लांबून, मग जवळून, मग छातीच्या आतून! एकेक करून समोरचे सगळे टॉवर काळे झाले. रेवाने धावत दिवे मालवले. एवढ्या मोठ्या काळोखात उजेड उरला तो फक्त त्या खिडकीत. खालून कुणीतरी ओरडलं, "छठी मंज़िल! बत्ती बंद करो जी!"

"आई, विझव तो."

वंदनाताईंचा हात पुढे गेला आणि तिथेच गारठला. जावयाच्या नावाने लावलेला दिवा... फुंकर मारून विझवायचा? आज? खाली ओरडा वाढला होता. एका ज्योतीपायी सगळ्या इमारतीचा जीव टांगणीला, आणि त्यांना काही केल्या फुंकर मारवेना. "माझ्याच्यानं नाही होत गं," त्या रडू लागल्या.

अंधारातून दोन हात आले. श्रीरामरावांनी निरांजन उचललं, सदऱ्याच्या आड धरलं आणि ते न्हाणीघरात शिरले. त्याला खिडकी नव्हती. दार लागलं. फटीतून येणारा उजेडही टॉवेल सरकल्यासरशी नाहीसा झाला.

आता काहीच दिसत नव्हतं. सायरन थांबला होता आणि ती शांतता जास्तच भयंकर होती. कुठे काही धडाडेल का, फोन वाजला तर कुणाचा वाजेल, काय सांगेल... मायलेकी भिंतीला टेकून, एकमेकींपासून हातभर अंतरावर बसल्या.

मग आतून खाकरल्याचा आवाज आला.

"रेवा, तेल कमी झालंय बाळ. आण थोडं."

चार वर्षांत पहिल्यांदा बाबांनी हाक मारली होती! रेवा चाचपडत तेल घेऊन गेली. दार पटकन उघडलं आणि मिटलं. वंदनाताईंना आतलं सगळं ऐकू येत होतं. श्रीरामराव हळूहळू, अडखळत सांगत होते की लग्नाच्या दिवशी तुझी आई शालू नेसून तयार होती, दारात रिक्षा उभी होती. मी विश्रामच्या फोटोसमोर बसलो होतो, अन्नपाणी सोडून. मला तसं टाकून तिला जाववेना.

"थांब म्हणून मी तिला एका शब्दानं म्हटलं नव्हतं, रेवा. आणि जा म्हणूनही म्हटलं नाही."

बऱ्याच वेळाने रेवा बाहेर आली. काळोखात तिने आईचा चेहरा हातांनी शोधला, ओला लागला. मग ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, पोटाशी पाय घेऊन, लहानपणी पडायची तश्शी.

विक्रमचा फोन अजून आला नव्हता. न्हाणीघराच्या बंद दाराआड श्रीरामराव ज्योतीभोवती ओंजळ धरून बसले होते.