आत असलेल्यांची संख्या

जुन्या चित्रपटांची रिळं ठेवलेलं शीतगृह आमच्या इमारतीच्या तळघरात आहे. तिथलं दार आणि तिथला गारवा, दोन्ही एकच जुना संगणक सांभाळायचा. तो काढून नवा बसवायचं काम माझ्याकडे आलं आणि वायरिंगचं भाऊजींकडे. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पेशाने इलेक्ट्रिशियन, तोंडाने बडबडे, आणि दम्याने बेजार.

दुपारचं जेवण उरकून आम्ही खाली उतरलो. भाऊजींनी कोट बाहेरच्या खुंटीला अडकवला. "दोन मिनिटांचं तर काम," म्हणाले.

आत लोखंडी मांडण्यांवर चपटे गोल डबे रचलेले होते. जुन्या फिल्मला सुटतो तो व्हिनेगरसारखा आंबूस वास भरून राहिला होता. बोललं की तोंडातून वाफ निघावी इतकी थंडी. मी कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसले, भाऊजी पेचकस शोधत होते, आणि मागे दार लागलं. आपटलं नाही. घरात बाळ झोपलंय म्हणून कुणी अलगद लोटून घ्यावं, तसं लागलं.

भाऊजींनी मूठ फिरवून पाहिली. ती नुसतीच गरगरली.

"भाऊजी, कुठली वायर कापलीत का?"

"अगं, अजून हात तरी लावलाय का कशाला!"

फोनला रेंज नव्हती. भिंती इतक्या जाड की हाका मारून घसाच बसला असता. थोड्या वेळात भाऊजींच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. त्यांचा दम्याचा पंप कोटाच्या खिशात होता, दाराच्या पलीकडे.

"नेटवर शोध म्हणावं, तर नेटही नाही," ते म्हणाले.

"नेट कशाला? मॅन आहे की."

यावरून माझी नेहमी टिंगल चालते. अशा संगणकांत प्रत्येक आज्ञेची, म्हणजे कमांडची, माहिती आतच लिहून ठेवलेली असते. मॅन्युअलमधला 'मॅन' टाइप करून पुढे आज्ञेचं नाव लिहिलं की तिचं पान उघडतं: ती काय करते, कशी द्यायची, कुठे फसते. नेटवरचा सल्ला दुसऱ्याच कुणाच्या यंत्राबद्दल असतो. हे पान समोरच्या यंत्राबद्दलच बोलतं. मी ही पानं शेवटपर्यंत वाचते, म्हणून ऑफिसात मला पोथी म्हणतात. 'हिच्या आयुष्यात एकच मॅन,' ही कोटी भाऊजींची.

आज त्यांनी ती केली नाही.

'दार' या शब्दावर शोध घेतला, आणि आज्ञा सापडली. तिचं पान लहानसं होतं, कोरडं आणि नेमकं. मी मराठीत करत मोठ्याने वाचत गेले. "दार आतून उघडण्यासाठी आत असलेल्यांची संख्या द्यावी. संख्या जुळली तरच दार उघडेल."

"आगबिग लागली तर कुणी मागे राहू नये म्हणून असेल," भाऊजी म्हणाले. "दोन टाक."

मी दोन टाकले.

संख्या जुळत नाही, असं उत्तर आलं.

"मला धरतच नसेल ते. एक टाकून बघ."

माझं बोट कळीवर गेलंही होतं. पण पानावरची पुढची ओळ दिसली. दुसऱ्यांदा चुकीची संख्या दिल्यास दार दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडेल.

"थांबा. पान संपलं नाहीये."

"अगं बाई, इथे माझा जीव चाललाय आणि तू वाचत काय बसलीस!" एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. ते जमिनीवर बसले, पाठ मांडणीला टेकून. ओठ निळसर दिसत होते. ताईला काय सांगायचं, हा एकच विचार माझ्या डोक्यात घुमत होता. तरी मी पुढे वाचलं.

मांडण्यांच्या मागे असलेल्यांनाही मोजावं. ते स्वतःहून सांगत नाहीत.

ही ओळ मी मोठ्याने वाचली नाही.

उठले. एकेका मांडणीमागे जाऊन पाहिलं. डबे, धूळ, लोखंड. कुणी नाही. परत वळताना शेवटच्या मांडणीकडे नजर गेली. दोन डब्यांच्या फटीतून, बसलेल्या माणसाचं तोंड यावं तेवढ्या उंचीवर, वाफेचा एक पुंजका वर आला. विरला. मग दुसरा आला. सावकाश, काही घाई नसल्यासारखा.

मी मांडणीच्या मागे गेले. जागा रिकामी होती. वाफ थांबली होती, कुणी श्वास रोखून धरावा तशी.

भाऊजी तिकडेच बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

पानावर एकच ओळ उरली होती. दिलेल्या संख्येइतके बाहेर पडले की दार आपोआप बंद होईल.

मी तीन टाकले.

दार उघडलं.

भाऊजींना काखेत हात घालून बाहेर ओढलं, पंप तोंडाशी लावला. हळूहळू शिट्टी उतरली, चेहऱ्यावर रंग आला. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

दार उघडंच होतं.

"ओढून घे ते," भाऊजी पुटपुटले.

दोन्ही हातांनी ओढलं. तसूभरही हललं नाही.

आतला गारवा पायांवर येत राहिला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मग माझ्या तोंडासमोरून आंबूस वास गेला.

दार लागलं. अलगद.

शीतगृहाबाहेरच्या बोळातले दिवे कुणी चालायला लागलं की लागतात, एरवी विझतात. आम्ही बराच वेळ हललो नव्हतो, त्यामुळे आता सगळा अंधार होता. थोड्या अंतरावरचा दिवा लागला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्याही पुढचा, पार लिफ्टपर्यंत.

लिफ्टचं दार उघडलं. वर जायला तेवढी एकच वाट आहे.

ते दार एरवी क्षणभरात मिटतं. आत्ता मिटेना. मागून येणाऱ्यांसाठी आत उभ्या असलेल्या माणसाने बटण दाबून धरावं, तसं ते उघडं राहिलं.