सगळे एकाच वाटेवर

पडद्यावरची सरावाची चांद्रगाडी पुन्हा थिजली आणि शाल्मलीने कानावरचा हेडफोन काढून सोफ्यावर आपटला.

उद्या शनिवारी चार वाजता तिची पाळी होती. चंद्रावरची खरीखुरी गाडी पाच मिनिटं चालवायला सांगलीतून तिची एकटीची निवड झाली होती. चित्र तीनदा अडकलं, तर पाळी आपोआप पुढच्या मुलाकडे जाणार होती. इंटरनेट कंपनीच्या मदतनीस यंत्रमानवाला मात्र एकच वाक्य पाठ होतं, "दुप्पट वेगाची जोडणी घ्या, ताई!"

"आहे तो वेग पोचत नाही, आणि हा दुप्पट विकायला निघालाय!" शाल्मली कडाडली.

तिचे आजोबा, नाना, आयुष्यभर रेडिओ दुर्बिणीवर संशोधन केलेले. ते म्हणाले, "चिडायचं ते पुरावा घेऊन चिड. आधी राउटरला (घरभर इंटरनेट पोचवणाऱ्या डब्याला) तार जोडून वेग मोज."

तारेवर वेग भरपूर निघाला. म्हणजे घोटाळा हवेत होता. नानांनी टॅबवर आसपासच्या लहरींची यादी उघडली. सोसायटीतले सोळाच्या सोळा राउटर सहा नंबरच्या चॅनलवर (लहरींच्या ठरलेल्या वाटेवर) दाटीवाटीने उभे होते.

"एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं," नाना म्हणाले. "बाकीच्यांनी थांबायचं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं, पुन्हा बोलावं लागतं."

"पण सगळे सहावरच कशाला तडमडले?"

उत्तर लिफ्टमध्ये चिकटवलेलं होतं. 'शिस्तीसाठी सर्व सभासदांनी राउटर सहा क्रमांकावर ठेवावा. हुकमावरून, चेअरमन गुंजीकर.' याच गृहस्थांनी सगळ्या गॅलऱ्यांत एकाच रंगाच्या कुंड्या ठेवायला लावल्या होत्या. पण कुंड्या निदान एकमेकींना अडवत नाहीत!

शाल्मलीने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन अकरा नंबर निवडला. गाडी सुरळीत पळाली. आनंदाच्या भरात तिने ते गुंजीकरकाकांना सांगितलं, आणि तिथेच चुकलं. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला, 'सर्वांनी तातडीने अकरावर यावे.' संध्याकाळी गाडी पुन्हा थिजली.

शाल्मली दोन-दोन पायऱ्या उतरत गुंजीकरांच्या दारात धडकली.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"अगं, तुझाच शोध! म्हटलं, सगळ्यांना लाभ व्हावा."

"सगळे उठून दुसऱ्या वाटेवर गेले, तर गर्दी तीच ना! आपण वाटण्या करायला हव्या होत्या."

"मग एक ते अकरा वाटून टाकू."

"नाही! लगतच्या वाटा एकमेकींत घुसतात. एक, सहा आणि अकरा, एवढ्या तीनच पुरेशा लांब आहेत. शेजारच्या आणि वरखालच्या घरांना वेगवेगळे नंबर द्यायचे."

"या सोसायटीत माझ्याशी असं आजवर कोणी बोललं नाही," काका लाल होत म्हणाले.

"म्हणूनच सोळा घरं अडकली! आणि उद्या माझी पाळी जाईल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागद घेतला आणि इमारतीचा नकाशा काढला. जेवणाच्या वेळेपर्यंत दोघं घरोघर फिरून नंबर बदलत होते.

शनिवारी चार वाजता तिने गाडीला डावीकडे वळायचा हुकूम दिला. गाडी जागची हलेना.

"अडकली!" मागे उभे असलेले गुंजीकरकाका ओरडले.

"नाही, काका. हुकूम चंद्रावर जाऊन चित्र परत यायला अडीच सेकंद लागतात. तेवढं अंतरच आहे."

गाडी झोकात वळली. काकांनी टाळ्या वाजवल्या.

"मंगळावर तर कित्येक मिनिटं लागतील," नाना म्हणाले. "तिथली गाडी हुकमाची वाट बघत बसली, तर खड्ड्यात जाईल."

"तिला हुकमाशिवाय डोकं चालवायला शिकवावं लागेल," नजर न हलवता शाल्मली म्हणाली. "ते मी शिकवीन."