उतरवलेला घाणा

साडेदहाच्या सुमारास कॉफीवाल्या अप्पांची मुलगी, थोरली, वहिनींच्या कचेरीत शिरली. तिच्या केसांत तागाचे धागे अडकले होते आणि दोन्ही तळहात लालबुंद झाले होते.

"मला कोंडलं होतं," ती म्हणाली. "माझ्याच गोदामात. आणि माझं कॅमेऱ्याचं कार्ड चोरलं."

भाऊजींनी घाईघाईने पेपराची घडी केली. ते वहिनींचे धाकटे दीर. पोस्टमास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींना खाजगी तपासाच्या कामात मदत करत. निदान त्यांचा तसा समज होता, आणि वहिनींनी तो मोडला नव्हता.

थोरलीला गावात सगळे ओळखत. अकरा वर्षं ती वडिलांच्या भट्टीवर कॉफी भाजत होती. पहाटे नदीकाठच्या लपणात बसून पशुपक्ष्यांचे फोटो काढायचे आणि उजाडलं की भट्टीवर यायचं, हा तिचा नेम. तिच्या पुड्यांवर तेच फोटो असत. खंड्याचा पुडा म्हणजे हलकी कॉफी, घुबडाचा म्हणजे कडक. गेल्या महिन्यात तिला पाणमांजराचं बिऱ्हाड सापडलं होतं, चार पिल्लांसकट.

"त्या फोटोंवर एका संस्थेनं मला दोन वर्षं एका बेटावर फोटो काढायला बोलावलंय. मूळ कार्ड आज पाचच्या आत त्यांच्या हातात पडायला हवं, नाहीतर जागा दुसऱ्याला. दहाची बस गेली. आता एकची शेवटची." तिचा आवाज चिरकला. "वहिनी, आज नाही निघाले तर मी त्या ड्रमसमोरच म्हातारी होणार."

वहिनींनी चपला घातल्या.

भट्टी म्हणजे एक लांबट, बुटकी खोली. मधोमध काळा ड्रम घरघरत होता. त्याच्या पुढ्यात बिया गार करायचा मोठा गोल ट्रे, वर धूर ओढणारा पंखा. आवाज असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूला लेबलांची खोली, पुढे दुकान. मागच्या दाराला आतून कुलूप होतं.

गोदामाला खिडकी नव्हती. भाऊजी हौसेने आत गेले, वहिनींनी दार लोटलं, आणि दोन मिनिटांत ते घाम पुसत बाहेर आले.

"जीव गुदमरतो हो आत," ते म्हणाले. मग बाहेरची कडी बघायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या. ती दाराच्या अगदी वरच्या टोकाला होती.

"मी नऊला बियांचा घाणा ड्रममध्ये टाकला," थोरलीने सांगितलं. "चारेक मिनिटांनी पुढच्या घाण्याचं पोतं आणायला आत गेले, तर धाडकन दार लागलं. पाऊण तास ओरडत होते. शेवटी माझ्या नदीवरच्या वाटाड्यानं येऊन कडी काढली."

"एक घाणा भाजायला किती वेळ लागतो?"

"बारा मिनिटं. बिया तडतडायला लागल्या की दीड मिनिटात उतरवायचा. जरा उशीर झाला की कोळसा. सगळा खेळ कानाचा आहे."

भाऊजींनी कान देऊन ऐकलं. त्यांना नुसती घरघर ऐकू आली. "ड्रम रिकामाच का फिरतोय?"

"तापलेला असताना थांबवला तर वाकतो. गार होईपर्यंत फिरता ठेवावा लागतो."

वाटाड्या दारात उकिडवा बसला होता. उंच, आडदांड गडी, पूर्वी जंगलखात्यात होता. थोरलीला नदीच्या वाटा त्यानेच दाखवल्या होत्या.

"फोटो बाहेर गेले की अख्खी दुनिया नदीवर लोटेल," तो गुरगुरला. "पिल्लं राहतील का मग? मी तिला तोंडावर सांगितलं होतं. पण कोंडायचंच असतं तर कडी कशाला काढली असती?"

"आत आलास तेव्हा भट्टी कशी होती?"

"चालू होती. ड्रम रिकामा फिरत होता, ट्रेमध्ये बिया. मी हात नाही लावला. मी आपला चहा पिणारा माणूस, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

हाच चोर, असं भाऊजींनी मनाशी ठरवून टाकलं.

दुकानात थोरलीचे वडील, अप्पा, कॉफी करत होते. "घ्या. आज सकाळच्याच घाण्याची आहे, एखादा दिवस मुरायला हवी होती. तेवढे वरच्या फळीवरचे कप काढता का? खांदा आखडलाय माझा. हात छातीच्या वर जात नाही, म्हणून तर भट्टी सुटली."

भाऊजींनी कप काढले. कॉफी इतकी सुरेख होती की त्यांनी न लाजता दुसऱ्यांदा मागितली. वहिनींनी मात्र एकच घोट घेतला आणि कपात बघत राहिल्या.

"थोरली गेली तर भट्टीचं काय?" त्यांनी विचारलं.

"उद्यापासून धाकटीला उभी करतो. मागे तीन घाणे जाळले तिनं, कानच नाही पोरीला. पण उभं राहिल्याशिवाय कसं येणार? माझ्या वडिलांनी मला असंच उभं केलं. मी तेव्हा बोटीवर नोकरीला निघालो होतो." ते हसले, पण ते हसू तिथेच विरलं.

धाकटी लेबलं कापत बसली होती. हसरी, उंच, तुरतुरीत मुलगी.

"एरवी माझं टेबल ड्रमला लागूनच असतं, शाळा संपल्यापासून तिथेच पुडे भरतेय. आज नेमकी लेबलं कापायला इथे बसले, कानात गाणी लावून. काहीच कळलं नाही हो! ताईची बॅगसुद्धा मीच भरली, विचारा तिला."

भाऊजींनी वहिनींना बाजूला घेतलं. "वाटाड्याची झडती घेऊ या. बारा वाजत आले!"

"भाऊजी, तुमची कॉफी जळकी लागली का?"

"छे! फक्कड होती."

"मग झालं," वहिनी म्हणाल्या, आणि भाऊजींच्या डोक्यात काडीचाही उजेड पडला नाही.

वहिनींनी थोरलीला एक घाणा टाकायला लावला आणि मग परत गोदामात उभं केलं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती गेली. बाकीच्यांना त्यांनी भट्टीजवळ बसवलं. अप्पांना खुर्चीत बसवून कानात काहीतरी बजावलं.

"सकाळी थोरली कोंडली गेली, तेव्हा घाणा ड्रममध्ये होता," त्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाल्या. "अजून आठ मिनिटं भाजायची होती. पाऊण तासानं दार उघडलं, तेव्हा बिया ट्रेमध्ये. जळलेल्या नाहीत, कच्च्या नाहीत. मग उतरवल्या कोणी?"

अप्पा दचकले. "मला वाटलं, तिनंच."

"आणि तिला वाटलं, तुम्ही. पण त्या वरच्या कडीला तुमचा हात पोचत नाही. वाटाड्याचा पोचतो, पण त्याला भाजणं कळत नाही. चोराला नुसतं दार लावून कार्ड घ्यायचं होतं. घाणा जळला असता तर त्याचं काय बिघडणार होतं? काहीच नाही. तरी तो थांबला. कारण बियांची ती तडतड ऐकल्यावर हात आवरणं त्याला जमलंच नाही."

मग त्यांनी घड्याळावर नजर लावली. मिनिटं जाता जाईनात. दहा. साडेदहा. भाऊजींना घरघरच ऐकू येत होती. अप्पांनी मात्र एकदम खुर्चीचे हात घट्ट धरले. धाकटीने मान खाली घातली. तिची बोटं लेबलाच्या रिळावर आवळली, सुटली, पुन्हा आवळली.

कोणी हललं नाही. पंख्याखालचा धूर दाट झाला.

"अहो, जळेल ना!" धाकटी ओरडली, आणि दोन ढांगांत पुढे होऊन तिने ड्रमचा दांडा खेचला. तपकिरी, चमकदार बिया ट्रेमध्ये कोसळल्या. दुसऱ्या हाताने तिने पंख्याचं बटण दाबलंही होतं, न बघता.

तो हात तिथेच राहिला.

थोरली गोदामाच्या दारात आली होती. तिने बियांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"तुला येतं?"

धाकटीने रिळाच्या पोकळीतून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "तू गेलीस की उद्यापासून मी. मला पण जायचंय गं कुठेतरी. अजून ठरलंही नाही कुठे."

"अकरा वर्षं मी वाट बघतेय, की कोणाला तरी जमावं आणि माझी सुटका व्हावी."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "म्हणून तर तीन घाणे मुद्दाम जाळले."

"कधीपासून येतं?"

"सात वर्षं."

"सात," थोरली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, ते भाऊजींना कळलं नाही. तिने कार्ड उचललं, बॅग खांद्यावर घेतली आणि निघाली. उंबऱ्यात थांबली, पण वळली नाही. मग तिची पावलं बसथांब्याच्या दिशेने वाजत गेली.

अप्पा सावकाश उठले. डाव्या हाताने त्यांनी गॅस बंद केला. मग त्यांचा हात ड्रमच्या बटणाकडे गेला.

"अप्पा, नको!" धाकटी म्हणाली. "गरम आहे अजून. वाकेल."

"वाकू दे," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी बटण बंद केलं.

घरघर थांबली. धाकटीने एप्रन सोडला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातात धरून उभी राहिली.