त्रेसष्टचा आकडा

तो मला पहिल्यांदा दिसला तो अर्धाच दिसला. मी बसस्टॉपवर उभी होते. चष्म्याची डावी काडी सुटून खाली पडली, चष्मा नाकावरून घसरला आणि समोरच्या धुरकट जगातून एक हात पुढे आला. तळहातावर माझी काडी होती.

"ही तुमची?"

"इथे अजून कुणाचा चष्मा मोडलाय का?"

"नाही... पण विचारलेलं बरं." असं म्हणून त्यानं शर्टाच्या खिशातून करंगळीएवढा स्क्रूड्रायव्हर काढला.

आता मला सांगा, खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसची वाट बघणाऱ्या माणसाला काय समजायचं? मी पर्स पोटाशी धरली.

"घाबरू नका. समोरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे मी."

"घाबरले नाहीये. संशय घेतेय. दोन्हीत फरक असतो."

तो हसला. काडी उलटसुलट करून म्हणाला, "बिजागरीच गेलीय. स्क्रू बसायचा नाही. आजचा दिवस दोऱ्यावर काढावा लागेल."

दोरा माझ्या पर्समध्ये कायम असतो, कारण मी रफूचं काम करते. कोटाला भोक पडलं, शाल कुठे अडकून फाटली की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर असे विणायचे की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. मी निळा दोरा दिला. त्यानं काडी बांधली, बारीक गाठ मारली, आणि चष्मा माझ्या हातात न देता सरळ नाकावर चढवला. तेव्हा तो पूर्ण दिसला. बरा होता. पण बरी दिसणारी माणसं मला जास्तच संशयास्पद वाटतात. या सगळ्यात माझी बस निघून गेली होती.

दोन दिवसांनी मी त्याच्या दुकानात नवा चष्मा करायला गेले. नंबर जेमतेम पाव वाढला होता. त्यानं मला स्टुलावर बसवलं, समोर स्वतः बसला आणि एक छोटी पट्टी माझ्या नाकावर आडवी धरली.

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा."

"का?"

"दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचंय. काचेचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यावा लागतो."

मी बघितलं. तपकिरी डोळा, आणि कडेला एक बारीक काळा ठिपका. पट्टी माझ्या नाकावर जराशी थरथरत होती.

"आता... उजव्या."

मी उजवीकडे वळते न वळते तोच "झालं" म्हणून त्यानं पट्टी काढली आणि माझ्या नावाच्या कार्डावर आकडा लिहिला. एवढ्यात झालंसुद्धा? मनात शंकेची पाल चुकचुकली. पण ती माझ्या मनात दिवसभर चुकचुकतच असते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आणि मग माझं डोकं दुखायला लागलं.

भुवयांच्या मधोमध. सकाळी अकराच्या सुमाराला सुरू व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत मागे मानेत उतरायचं. पहिला आठवडा मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या आठवड्यात गोळ्या घेतल्या. तिसऱ्या आठवड्यापासून मी माझ्या स्वभावावर गेले आणि एकेकाला संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. माझ्या टेबलावर नुकताच नवा दिवा लावला होता, तो बदलून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या बाई अत्तर मारून यायच्या. त्यांना गोड बोलून दुसऱ्या कोपऱ्यात बसायला लावलं. उशी बदलली. चहा सोडला, त्यानं डोकं जास्तच दुखलं, म्हणून परत धरला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाब बघितला आणि "काही नाही, काळजी करू नका" म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा चष्मा मशीनखाली धरून नंबर तपासला. "अगदी बरोबर आहे." झालं, चष्मा निर्दोष सुटला. शेवटी मेंदूचा फोटो काढला. त्या नळीत पडल्यापडल्या मी मनाशी ठरवलं की नक्की काहीतरी वाढतंय आत, आणि घरी येऊन आत्याला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवून ठेवलं. फोटो स्वच्छ निघाला. तरी मी किल्ल्यांची जागा बदलली नाही. फोटोतही चूक असू शकते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. घरात आम्ही दोघीच, आणि संशयाचा वारसा मला तिच्याकडूनच मिळालेला. ती म्हणाली, "रविवारी बरं दुखत नाही ते?"

खरंच होतं. रविवारी डोकं शांत असायचं. दिवसभर लोळून वाचत बसायचे मी, तो दोरा बांधलेला जुना चष्मा लावून, कारण नवा घरात वापरून खराब कशाला करायचा. म्हणजे दुखणं कामाचंच, असं आम्ही दोघी धरून चाललो.

पण काम सोडणं मला जमण्यासारखं नव्हतं. मला दुसरं काही येतच नाही, आणि आवडतही नाही. तीन महिन्यांत माझे तीन कपडे परत आले. आठ वर्षांत एक नव्हता आला. आमच्या मालकीणबाईंनी तिसरा कोट माझ्यापुढे टाकला. त्याच्या कोपरावरचं माझं रफू लांबूनही कळत होतं.

"डोकं दुखतं, डोकं दुखतं. तीन महिने हेच ऐकतेय मी," त्या म्हणाल्या. "या शनिवारपर्यंत बघते. नाही जमलं तर खिडकीजवळचं टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

आमच्याकडे टेबल गेलं म्हणजे काम गेलं. मी मान डोलावली आणि प्रसाधनगृहात जाऊन रडले.

या सगळ्या काळात मी चष्म्याच्या दुकानात जात होते. का, ते नीट सांगता येणार नाही. चष्मा निर्दोष होता, पण काडी कानामागे टोचतेय का, चष्मा नाकावर जड होतोय का, असं काहीतरी निमित्त निघायचं. तो काडी तापवून वाकवायचा, फुंकर घालायचा आणि दोन बोटांनी हलकेच माझ्या कानामागे बसवायचा.

"आता?"

"आता बरं वाटतंय."

"मग उद्या येणार नाही?"

"का, त्रास होतो?"

"होतो ना. तुम्ही आला नाहीत तर."

असं बोलून तो इतक्या निरागसपणे काच पुसायला लागायचा की मला वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. आत्याला तर शंभर टक्के खात्री होती. "तो मुद्दाम चष्मा ढिला करत असेल," ती म्हणाली. "दर चार दिवसांनी बाई दुकानात यायला हवी ना त्याला."

एकदा तो आत गेलेला असताना मी त्याच्या ड्रॉवरमधलं माझं कार्ड बघितलं. मागच्या बाजूला तारखांची रांग होती. मी ज्या ज्या दिवशी आले, त्या सगळ्या. आणि प्रत्येकीपुढे: डोकं, हो. डोकं, हो. डोकं, थोडं.

"हे काय?" तो बाहेर आल्यावर मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "कधी दुखतं, कधी नाही, ते लिहून ठेवलं तर... काही सापडेल, असं वाटलं."

"डॉक्टरांना सापडलं नाही ते तुम्हाला सापडणार?"

"डॉक्टरांना एवढी गरज नसेल." मग घाईघाईनं म्हणाला, "नाकाचे पॅड झिजलेत. नवे उद्या संध्याकाळी येतील. चष्मा राहू द्या इथे."

"म्हणजे मी उद्या परत येणार."

"तुम्ही तशाही येताच."

तो बुधवार होता. गुरुवारी मी दोरा बांधलेला जुना चष्मा लावून कामावर गेले. अकरा वाजले. बारा वाजले. एक वाजता मी सुई खाली ठेवली आणि भुवयांच्या मधोमध बोट दाबून बघितलं. काही नाही. कामाचा दिवस, तेच टेबल, तीच खिडकी, आणि डोकं रविवारसारखं शांत.

पाच वाजता मी त्याच्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी होते.

"काय केलंत तुम्ही माझ्या चष्म्याला?"

"पॅड बसवले..."

"आज तो नव्हता आणि डोकं दुखलं नाही. काय केलंत?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्यानं नवा चष्मा मशीनमध्ये ठेवला आणि दोन्ही काचांच्या मध्यावर शाईचे ठिपके उमटवले. मग माझ्या नाकावरचा जुना चष्मा मागून घेतला आणि त्यावरही उमटवले. पट्टी लावली. जुन्यावर दोन ठिपक्यांत सत्तावन्न मिलिमीटर. नव्यावर त्रेसष्ट.

"नंबर बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "मध्य चुकलाय. तुमचे डोळे दिवसभर आत-बाहेर ओढाताण करतायत... म्हणून दुखतं. तपासताना सगळे नंबर बघतात. अंतर कुणी बघत नाही."

"तुम्ही मोजलं होतं की."

त्यानं पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "नव्हतं मोजलं."

"म्हणजे?"

"तुम्ही बघत होतात माझ्याकडे. एवढ्या जवळून, सरळ... मला वर बघवेना. पट्टी हातात होती, पण आकडा बघितलाच नाही मी. बहुतेकांचं त्रेसष्टच्या आसपास असतं, म्हणून त्रेसष्ट लिहिलं. तुमचे डोळे जवळजवळ आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. बघितलं असतं तर आलं असतं."

एखादीला हे गोड वाटलं असतं. मला नाही वाटलं. माझ्या तळव्यांपासून राग चढत गेला.

"तीन महिने," मी म्हटलं, "मला वाटत होतं की माझ्या डोक्यात काहीतरी वाढतंय. मी आत्याला किल्ल्यांची जागा दाखवून ठेवलीय. तीन कपडे परत आलेत, शनिवारी माझं काम जाणार आहे. आणि तुम्ही लाजलात म्हणून?"

"मला माफ—"

"जुना चष्मा द्या."

शाईचे ठिपके तसेच ठेवून मी तो डोळ्यांवर चढवला आणि निघून आले. बसमध्ये लोक माझ्याकडे बघत होते. बघू देत.

शुक्रवारी सकाळी मालकीणबाईंनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे एक राखाडी कोट होता. कॉलरखालीच, ऐन छातीवर, जळून नाण्याएवढं भोक पडलं होतं.

"तो चष्मेवाला काल आम्ही बंद करत असताना आला होता," त्या म्हणाल्या. "परत आलेले तिन्ही कपडे त्याच्यामुळे, असं म्हणत होता. कार्ड दाखवलं, काचा दाखवल्या, अर्धा तास डोकं खाल्लं माझं. त्याच्या मालकांनाही सांगून आलाय म्हणे." मग एक पुडकं माझ्याकडे सरकवलं. "हे ठेवून गेला. कोट उद्या दुपारी पाहिजे."

पुडक्यात चष्मा होता. तीच फ्रेम, नव्या काचा. सोबत चिठ्ठी: 'सत्तावन्न. जुन्या चष्म्यावरून घेतलंय. तीनदा तपासलं.'

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. चष्मा लावला आणि दुखायची वाट बघत कामाला लागले. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढले. एक वर, एक खाली. अकरा वाजले, चार वाजले. शनिवारी दुपारी मालकीणबाईंनी कोट उजेडाकडे धरला, उलटा केला, बोट फिरवलं, परत सुलटा केला.

"कुठे होतं गं भोक?"

"सांगणार नाही," मी म्हटलं. आठ वर्षांत त्या पहिल्यांदा हसताना दिसल्या.

संध्याकाळी मी दुकानात गेले. तो एका मुलीच्या चष्म्याला काडी बसवत होता. मला बघून स्क्रू हातातून सुटला. मुलगी जाईपर्यंत मी थांबले.

"टेबल राहिलं माझं."

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता तो, हे मला तेव्हा कळलं. आणि राग तिथेच कुठेतरी गळून पडला.

"तुमचं काय झालं?"

"मला मापं घ्यायला मनाई आहे. सहा महिने फक्त काड्या बसवायच्या."

"बरं झालं." मी स्टुलावर बसले. "एक विचारायचंय. त्या दिवशी बसस्टॉपवर खिशात स्क्रूड्रायव्हर का होता? खरं सांगा. खोटं मला लगेच कळतं."

तो काउंटर पुसायला लागला. "तुमची काडी महिनाभर हलत होती. रोज बघायचो मी बसस्टॉपवर... कधीतरी पडणार, हे माहीत होतं. म्हणून ठेवायला लागलो."

म्हणजे माझा संशय पहिल्या दिवसापासून खरा होता. इतका आनंद मला कुठलाच संशय खरा ठरल्याचा झाला नव्हता.

"मालक कुठेत तुमचे?"

"चहाला गेलेत. का?"

"चिठ्ठीत लिहिलंय, जुन्या चष्म्यावरून घेतलं. म्हणजे माझं माप अजून कुणी घेतलंच नाहीये." मी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "पट्टी आणा."

तो समोर येऊन बसला. इतका जवळ की चष्म्याशिवायही मला त्याच्या डोळ्यातला तो ठिपका दिसत होता. पट्टी नाकावर टेकली, पण नजर खालीच होती.

"वर बघा," मी म्हटलं. "मी बघतेय ना."

त्यानं वर बघितलं. डावा डोळा, मग उजवा. या वेळी कुणी घाई केली नाही.

"किती?"

"सत्तावन्न."

"पुन्हा मोजा. माझा विश्वास नाही."

त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा सत्तावन्नच आलं. बाहेर माझी बस येऊन थांबली आणि निघून गेली.

"अजून एकदा," मी म्हटलं.